प्रबंधाचा विषय दारातच आहे

कसबे तडवळ्याच्या महार-मांग वतनदार परिषदेला फेब्रुवारी २०२६ मध्ये ८५ वर्षे झाली. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ असे दोन दिवस डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या या गावी आले होते. दरवर्षी या तारखांना तडवळ्यात माणसे जमतात, अभिवादन होते, भाषणे होतात. परिषद कशासाठी भरली होती, हे मात्र त्या भाषणांत मागे पडते. ती वतनाच्या प्रश्नावर भरली होती, म्हणजे थेट कायद्याच्या प्रश्नावर.

मुंबई इलाख्यात १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा कायदा होता. महार वतनदाराने सरकारी आणि गावकीची कामे करायची, निरोप-टपाल पोचवायचे, दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याची सरबराई करायची. कामाला वेळकाळ नाही. घरचा कर्ता अंथरुणाला खिळला असेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. बदल्यात बलुत्याचे धान्य आणि वतनी जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून या वतनाची चिरफाड केली आणि १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात दुरुस्तीचे विधेयक मांडले. ते पार पडले नाही. ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

वतनाचा जाच सांगणारा माणूस प्रत्येक गावात होता. तो जाच कायद्याच्या कोणत्या कलमातून येतो, जमीन किती, तिच्यावर सारा किती, कामाचे मोल किती, हे मांडून दाखवायला मात्र अभ्यास लागत होता. तो बाबासाहेबांकडे होता, कारण तो त्यांनी रीतसर कमावला होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पदवी घेतली ती प्रबंध लिहून. ब्रिटिश हिंदुस्थानातील केंद्राच्या वित्ताचे प्रांतांमध्ये विकेंद्रीकरण कसे झाले, हा त्याचा विषय. जुनी अंदाजपत्रके, सरकारी ठराव, अहवाल यांच्या ढिगात बसून पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा माग त्यांनी काढला. पुढे गावच्या वतनाकडे वळल्यावरही तीच शिस्त उपयोगी पडली. पदव्युत्तर संशोधन माणसाच्या आणि समाजाच्या काय कामी येते, याचे याहून जवळचे उदाहरण धाराशिव जिल्ह्याला शोधावे लागणार नाही.

हे आज लिहिण्याचे कारण असे की एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी या दिवसांत लघुप्रबंधाच्या मागे असतात. आपल्या जिल्ह्यात डॉ. बापूजी साळुंखे विधी महाविद्यालय आहे. शेजारी लातूरला दयानंद विधी महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरला १९५६ पासूनचे माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय आणि २०१७ मध्ये सुरू झालेले महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. कायद्याची पदवी घेऊन पुढे शिकणारी धाराशिवची मुले-मुली संभाजीनगर, लातूर, सोलापूर, पुणे अशी विखुरलेली असतात. त्यातली अनेक आपल्या घराण्यात पहिल्यांदाच काळा कोट घालणारी आहेत. त्यांच्या हातून होणाऱ्या संशोधनाचे चीज व्हावे, असे आम्हाला मनापासून वाटते. आज ते होत नाही.

एलएल.एम. करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सहायक प्राध्यापकाची जागा असते. त्यासाठी एलएल.एम.ला ५५ टक्के आणि सोबत नेट किंवा सेट लागते. काहींना न्यायाधीशपदाच्या परीक्षेची तयारी करता करता एक पदवी पदरात पाडून घ्यायची असते. यात गैर काहीच नाही, पोट सगळ्यांनाच आहे. परंतु यात लघुप्रबंध हा उरकायचा सोपस्कार होऊन बसतो. विषय ठरलेले: खासगीपणाचा अधिकार, सायबर गुन्हे, मृत्युदंड असावा की नसावा, अनुच्छेद २१ ची व्याप्ती. विषय मोठेच आहेत, पण त्यांवर देशभर इतके लिहून झाले आहे की त्याच त्या निवाड्यांचे उतारे पुन्हा मांडण्यापलीकडे नवख्या विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. प्रकरणे पाच, निष्कर्ष, शिफारशी, तोंडी परीक्षा, बांधणी केलेल्या प्रती, आणि मग कपाट. पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’वर चढतात, एलएल.एम.चा लघुप्रबंध मार्गदर्शक आणि परीक्षक सोडून तिसऱ्या माणसाच्या नजरेस क्वचितच पडतो.

हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असावा की दोन वर्षांचा, यावर मात्र भरपूर खल झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ पासून एक वर्षाचा मार्ग मोकळा केला, बार कौन्सिलने २०२० च्या नियमांनी तो बंद करू पाहिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वर्षात किंवा दोन वर्षांत विद्यार्थ्याने काय शोधायचे, हा प्रश्न त्या वादात कुणी विचारला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केल्यापासून तर पीएच.डी.पूर्वी संशोधनाचा हात बसवायला कायद्याच्या विद्यार्थ्याला हा लघुप्रबंध एवढी एकच जागा उरली आहे. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांत लेखी पेपर बाजूला ठेवून केवळ प्रबंधावर एलएल.एम. करता येते. आपल्याकडे तेवढी सवड नाही. पण आहे तेवढ्या सवडीतही, विषय जवळचा घेतला तर, पुष्कळ होण्यासारखे आहे.

जवळचा म्हणजे किती जवळचा? धाराशिवच्या कोणत्याही तालुक्यातला एखादा जुना सातबारा घ्या. नाव शेतकऱ्याचे, कसतोही तोच, आजा-पणज्यापासून कसत आले. पण भोगवटादाराच्या रकान्यात ‘वर्ग २’ आणि इतर अधिकारांत ‘मदतमाश इनाम’ अशी नोंद. बँक कर्ज देताना कुरकुरते, खरेदीखत करायला परवानगी लागते, परवानगीला नजराणा लागतो. ही नोंद आली कुठून? सातबाऱ्यावरून फेरफार काढायचा. फेरफारावरून १९५४-५५ च्या खासरा पत्रकाकडे जायचे. तिथून मागे गेले की निजामाच्या काळातला मुंतखब, उर्दूत लिहिलेला, तारीख फसली सनाची. निजामी राज्यात निर्वाहासाठी दिलेली जमीन ती मदतमाश. देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेपोटी दिलेली ती खिदमतमाश. जहागिरी गेल्या १३५८ फसलीच्या विनियमाने, म्हणजे १९४९ मध्ये. १९५२ च्या कायद्याने अतियात चौकशा चालल्या. इनामे रद्द करणारा हैदराबादचा कायदा १९५४ चा. त्यातही धार्मिक सेवेच्या इनामांचा प्रश्न वेगळा राहिला. कुळांचा हिशेब आणखी निराळा: पश्चिम महाराष्ट्राला मुंबईचा कुळकायदा, आपल्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. त्यातल्या कलम ३८-ई ने संरक्षित कुळाला मालक केले, पण मालकीची ती नोंद कागदावर कुठे, कधी आणि कशी चढली, यावर आजही भावकीत दावे चालतात.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला संपले. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्ह्याचे नावही बदलले. मात्र जमिनीवर हैदराबादचेच कायदे राहिले. मदतमाश जमिनींचा नजराणा कमी करण्यासाठी राज्य सरकारला अलीकडे पुन्हा १९५४ च्या त्याच कायद्याला हात घालावा लागला. पुण्या-मुंबईत शिकवल्या जाणाऱ्या जमीन कायद्याच्या पुस्तकांत या सगळ्याला दोन-चार पाने मिळाली तर खूप. म्हणजे ज्या विषयावर देशात मोजकेच लोक बोलू शकतील, तो विषय भूम-परंड्याच्या पोराच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत पडून आहे, आणि ते पोर प्रबंधासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे गोळा करते आहे.

कागद वेळेवर न वाचल्याची किंमत मराठवाड्याने नुकतीच अनुभवली. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभिलेख कक्षांचे दरवाजे उघडले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची धावाधाव करून जमवाजमव करावी लागली. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियर ज्याच्या त्याच्या तोंडी आले. मराठा आरक्षणाच्या त्या वादात आज शिरायचे नाही. पण इतक्या लोकांच्या भवितव्याशी जोडलेले हे कागद आंदोलन पेटेपर्यंत कायद्याच्या एकाही शाखेने पद्धतशीर चाळू नयेत, ही आपल्या विधी शिक्षणाची मोठी उणीव आहे आणि ती मान्य करायला हवी.

जमीन सोडून इतरत्र पाहा. तुळजाभवानी मंदिराचा कारभार निजामाच्या काळातल्या ‘देऊल-ए-कवायत’च्या नियमांशी बांधला गेला, पुजाऱ्यांचे हक्क, उत्पन्नाची वाटणी, जिल्हाधिकाऱ्यांची भूमिका यांवर वाद होत आले. संस्थानी नियम, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आणि संविधानाचे अनुच्छेद २५-२६ एकाच उंबऱ्यावर भेटतात, असे ठिकाण विद्यार्थ्याला दुसरीकडे सहज मिळायचे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा-उमरग्यातली गावे उठून नव्या जागी गेली. त्या घरांची मालकी, जुन्या गावठाणातला हक्क, सगळे कुटुंब गेल्यावर मागे राहिलेल्या एकट्या मुलीचा वारसा, यांचे पुढे काय झाले? वाशी-कळंबच्या माळांवर पवनचक्क्या फिरत आहेत. त्यांचे भाडेकरार शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत होते का? पारध्यांवरचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा कुठल्या पालावर जातात, हे मात्र गावात कुणालाही विचारा.

पण आजच्या घटकेला सर्वांत मोठा विषय पीकविम्याचा आहे, आणि तो धाराशिवने स्वतःच्या जिवावर घडवला आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन काढणीला आले आणि ऑक्टोबरच्या पावसाने ते पाण्यात गेले. कुठे उभे पीक कुजले, कुठे रचलेल्या गंजीला कोंब फुटले. विमा भरलेला होता. पीकविमा योजनेच्या तेव्हाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा नुकसानीची खबर शेतकऱ्याने ७२ तासांत द्यायची होती. रस्ता वाहून गेलेला, वीज नाही, मोबाइल बंद, ॲप उघडत नाही, टोल-फ्री क्रमांक लागत नाही, अशा अवस्थेत लाखो लोकांनी ते तीन दिवस काढले. मुदतीत खबर नाही म्हणून भरपाई नाही, असा पवित्रा विमा कंपनीने घेतला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिथे २०० कोटी रुपये भरण्यास सांगण्यात आले.

निकाल लागला, पण अभ्यास खरा इथूनच सुरू व्हायला हवा होता. ७२ तासांची अट कशाच्या आधारावर ठरली? ज्यांनी मुदतीत खबर दिली ते कोण होते? मोठ्या रस्त्यावरच्या गावचे, शिकलेला पोरगा घरात असलेले, की कृषी सहायकाच्या ओळखीचे? जिथे शेत नवऱ्याच्या नावावर, नवरा ऊसतोडीला कर्नाटकात आणि विम्याची पावती बायकोच्या हाती, तिथे काय झाले? ज्या महसूल कागदांवरून पुढे नुकसान ठरले ते पंचनामे कुणी, कसे केले? राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर जिल्ह्यात किती खटले पडून आहेत हे बोट लावले की दिसते. ते का पडून आहेत आणि किती जण कोर्टाची पायरी न चढताच गप्प बसले, हे तिथे दिसत नाही. एका महसूल मंडळातली दहा गावे घेऊन, माहिती अधिकारात कागद मागवून, घरोघर प्रश्नावली भरून हे शोधता येते. एका विद्यार्थ्याला एका वर्षात झेपेल असे हे काम आहे. असे दहा लघुप्रबंध जमले तर विमा योजनेचे नियम पुन्हा लिहिताना धाराशिवचे म्हणणे पुराव्यानिशी मांडता येईल. आज आपल्याकडे संताप आहे, मोर्चे आहेत, एक मोठा निकालही आहे. पुरावा मात्र नाही.

एका आडबाजूच्या जिल्ह्यातून कायद्याचे संशोधन होऊन होणार ते काय, असे कुणी म्हणेल. त्यांना ऑयगेन एर्लिक यांचे नाव सांगावेसे वाटते. ऑस्ट्रियन साम्राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला चेर्नोविट्झ नावाचे शहर होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या लहानशा विद्यापीठात एर्लिक कायदा शिकवत. व्हिएन्नाची दिवाणी संहिता सगळ्यांना एकच लागू. पण त्या मुलखात रुमानियन, युक्रेनियन, ज्यू, जर्मन, जिप्सी असे अनेक समाज नांदत होते आणि लग्न, वाटणी, सालगडी, गहाण यांत आपापल्या रीतीने वागत होते. एर्लिक यांनी विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावल्या देऊन त्यांना गावोगाव धाडले आणि माणसे प्रत्यक्षात कोणता कायदा जगतात ते टिपून आणायला सांगितले. त्यातून १९१३ मध्ये त्यांचा कायद्याच्या समाजशास्त्रावरचा ग्रंथ आला आणि ‘जिवंत कायदा’ ही कल्पना जगभरच्या विधी महाविद्यालयांत पोचली. राजधानीत बसून तो ग्रंथ झाला नसता. मुलूख आडबाजूचा होता आणि त्यात कायद्याचे अनेक थर एकावर एक साचलेले होते, म्हणूनच तो झाला. आपला मुलूख याबाबत कमी नाही.

अडचणी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांच्या माथी मारून चालणार नाही. अभिलेख कक्षात विद्यार्थी गेला तर पहिला प्रश्न येतो, तुमचा गट नंबर कोणता? पक्षकार नसलेल्या माणसाने बस्ता सोडून पाहायला मागणे, ही कल्पनाच यंत्रणेला परकी आहे. नकलेचा अर्ज, शुल्क, ‘पुढच्या आठवड्यात या’, आणि पुढच्या आठवड्यात संबंधित कारकून रजेवर. भूम किंवा उमरग्याहून येणाऱ्या मुलीसाठी प्रत्येक हेलपाटा म्हणजे एसटीचे भाडे आणि घरच्यांना दिलेले उत्तर. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या पीएच.डी.साठी आहेत, एलएल.एम.च्या लघुप्रबंधाचा खर्च खिशातून होतो. निवाड्यांच्या संगणकीय संग्रहांची वर्गणी लहान महाविद्यालयांना पेलत नाही. मार्गदर्शक प्राध्यापकच कमी, त्यांच्याकडे पदवीचे वर्गही असतात. आणि उर्दू-मोडी वाचणारी पिढी डोळ्यांदेखत सरते आहे.

यावर करता येईल ते फार खर्चाचे नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाने महाविद्यालयाच्या पत्रावर संशोधक विद्यार्थ्याला अभिलेख कक्षात बसून कागद पाहण्याची परवानगी द्यावी आणि आठवड्यातले ठरावीक दिवस त्यासाठी जाहीर करावेत. जिल्हा नियोजन समितीने दरवर्षी निवडक लघुप्रबंधांना प्रवास-नकलांचा खर्च द्यावा. २०१८ पासून आकांक्षित जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या धाराशिवच्या आराखड्यात एवढी ओळ बसायला हवी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गावोगावच्या शिबिरांत येणाऱ्या प्रश्नांचा अनुभव आहे. नावे वगळून तो विद्यार्थ्यांपुढे ठेवता येईल. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात उर्दू आणि मोडीतील महसुली कागद वाचण्याचा उन्हाळी वर्ग घ्यावा आणि शिकवायला निवृत्त पेशकार, जुने वकील यांना सन्मानाने बोलवावे. त्यांच्यापैकी कित्येकांना मुंतखबावरच्या शेऱ्याचा अर्थ तोंडपाठ आहे, आणि तो विचारायला आजवर कुणी गेलेले नाही.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात झाली, त्याचा आनंद आपण साजरा केला. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते. साक्षीदार मराठीत बोलतो, पंचनामा मराठीत होतो, खरेदीखत मराठीत लिहिले जाते. त्यावरचे संशोधन मात्र बहुधा इंग्रजीत होते आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येत नाही. उच्च न्यायालयाचे कामकाज अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते, तेव्हा इंग्रजी सोडा असे सांगणे मुलांचे नुकसान करणारे ठरेल. कायदा मराठीत उत्तम लिहिता येतो हे मात्र आपल्याच शेजारच्या बीडच्या न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकरांनी दाखवले आहे. ‘तीन न्यायमूर्ती आणि त्यांचा काळ’ लिहिणारा हा माणूस मराठवाड्याच्या कोर्टांत वकिली करून उच्च न्यायालयात पोचला होता आणि शेवटपर्यंत मराठीत लिहीत राहिला.

म्हणून विद्यापीठाकडे एक मागणी आहे. एलएल.एम.चा लघुप्रबंध कोणत्याही भाषेत असो, सोबत वीस-पंचवीस पानांचा मराठी गोषवारा बंधनकारक करावा, आणि त्याची एक प्रत ज्या तालुक्याचा अभ्यास केला त्या तालुक्याच्या वकील संघाच्या वाचनालयात आणि एक प्रत त्या पंचायत समितीत जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षा घेऊ नये. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे विषय जून-जुलैत ठरू लागतील. त्याआधी अभिलेख कक्षाच्या परवानगीचे परिपत्रक निघावे, एवढे जिल्हाधिकाऱ्यांना आमचे जाहीर निवेदन आहे.